काका आणि आमचा खांब

नवीन पनवेलला आमच्या गेटपाशी बसची वाट पाहणारे एक काका रोज सोसायटीच्या इमारतीचा खांब बोटाने ठोकून बघत. अणुभट्टीतून निवृत्त झालेले. गणपतीआधी रंगारी त्या खांबाची चीर बुजवत होता, तेव्हा मी काकांना म्हटलं, "आता बरा दिसेल ना?"

"दिसायला आमच्या भट्टीची भिंतही बरी होती, ताई. वर्षानुवर्षं किरणं खाऊन आतली खडी फुगते, सिमेंट आकसतं, आणि दोघं एकमेकांना सोडतात. वरचा रंग मात्र शाबूत."

"आमच्याकडे कुठली किरणं!"

"तुमच्याकडे गच्चीचं पाणी आहे. त्याला जास्त घाई असते." त्यांनी पुन्हा ठोकलं. आवाज पोकळ आला. वर चार मजले माणसं राहतात.

काका बसने गेले. मी रंगाऱ्याला शिडीवरून उतरवलं आणि प्लॅस्टर फोडायला गवंडी बोलावला.

यंदा गणपती उघड्या खांबाशेजारूनच आत आले. बाप्पांनी हरकत घेतली नाही.