कातळावरची एक नोंद

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुरबाडच्या ज्या गाळ्यात मी संगणकाची कामं करते तिथेही ते फार दिवस लपून राहिलं नाही. बाजारभावाचं संकेतस्थळ रोज संध्याकाळी बंद पडायला लागलं तेव्हा मी आधी त्या यंत्राला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला, आणि शेवटी हे काम माझ्या गळ्यात मारणाऱ्या अध्यक्षांना. त्या मात्र मनातल्या मनात, कारण ते समोर बसून चहा पीत होते.

अध्यक्ष म्हणजे तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या एका छोट्या गटाचे. भात झाल्यावर भेंडी, काकडी, कारली लावणारी ही माणसं. त्यांचा एक माणूस बाजारात फिरून भाव विचारतो, मला फोनवर कळवतो आणि मी दिवस कलताना ते संकेतस्थळावर चढवते. त्यात मी हट्टाने एक पान रानमेव्याचंही घालून घेतलं होतं, कारण मी वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली आहे आणि आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं घर हिरड्याच्या मागे असतं. कोवळा हिरडा झाडावरून उतरवायचा, कातळावर वाळवायचा आणि फाट्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याला घालायचा. पूर्वी व्यापारी सांगेल तो भाव. बाया मान खाली घालून घ्यायच्या आणि घरी येऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. पान सुरू झाल्यापासून त्याच बाया काट्यासमोर उभ्या राहून, मुरबाडला आज काय चाललंय ते त्याला ऐकवायला लागल्या. व्यापाऱ्याचं तोंड वाकडं झालं, पण भाव सरळ झाला. या पानाचा मला अभिमान होता आणि आहे.

तर, स्थळ बंद का पडायचं? दिवसभर कोणी ढुंकून बघायचं नाही आणि मी भाव चढवले रे चढवले की गावोगावचे सगळे एकदम तुटून पडायचे. प्रत्येकाला तेच हवं असायचं, आज भेंडी काय आहे? आणि आमचा सर्व्हर इतका सज्जन, की प्रत्येकासाठी नव्याने आत डेटाबेसकडे जायचा, तेच विचारायचा, तेच उत्तर घेऊन यायचा. शंभरदा तोच हेलपाटा. शेवटी धापा टाकून बसायचा.

उपाय माहीत होता, केला नव्हता इतकंच. सर्व्हरच्या हाताशी एक कॅशे जोडायचा. एकदा आणलेलं उत्तर तो यंत्राच्या मेमरीत धरून ठेवतो, आणि पुढच्या माणसाने तेच विचारलं की आत न जाता तिथल्या तिथे देऊन टाकतो. संध्याकाळी मी नवे भाव चढवले की जुनं उत्तर पुसायचं, म्हणजे कालचा भाव आजचा म्हणून कोणाच्या पदरात पडत नाही. अध्यक्षांना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी दोनदा मान हलवली आणि विचारलं, मग आधीच का नाही केलंस? तेव्हाही मला राग आला होता.

जोडणीचा दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी माझंच हसू करून घेतलं. कॅशे बसवला, सर्व्हरला त्याचा पत्ता दिला, आणि सर्व्हर म्हणे जोडणी नाकारली. पत्ता तपासला. परवानग्या तपासल्या. सगळं पुन्हा काढून पुन्हा बसवलं. वीज गेली, आली. उन्हाने गाळ्याचा पत्रा तापला होता आणि माझं डोकं त्याहून. मग लक्षात आलं, की बसवायच्या नादात मी तो कॅशे चालूच केला नव्हता. सर्व्हर बिचारा बंद दार ठोठावत होता आणि मी ठोठावणाऱ्यालाच बोल लावत होते. एका आज्ञेसरशी जोडणी लागली. त्या संध्याकाळी भेंडीचं पान असं झटकन उघडलं, की अध्यक्ष ते पुन्हा पुन्हा बंद करून उघडत बसले.

गटाने भाड्याने घेतलेलं यंत्र मात्र सगळ्यात लहान होतं आणि मेमरी जेमतेम. म्हणून कॅशेला एक नियम घालून दिला होता. जागा भरली, की ज्या पानाला बराच वेळ कोणी विचारलं नाही ते बाहेर काढायचं. नियम सगळे लोक वापरतात तोच आहे, त्यात काही चूक नाही. भेंडी आत राहिली, काकडी राहिली, कारलीही राहिली. रानमेवा कधी टिकलाच नाही.

हे मला कळलं ते आत्याकडून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि वाडीत तिच्या कानाआड काही घडत नाही. रविवारी मी घरी गेले तर तिने पाणीसुद्धा विचारायच्या आधी तक्रार मांडली, की तुझं ते पान नुसतं चक्र फिरवत बसतं.

"तुज्या मशीनला सांग, मी म्हातारी बाय हाय. मला उभी नको ठेवू."

आमच्या वाडीत घराघरांत नेटवर्क नाही. वाडीच्या वर जो मोठा कातळ आहे, त्याच्या टोकाला गेलं तर दोन काड्या येतात. बायांचे हिरडे त्या कातळावरच वाळत असतात आणि ते संध्याकाळी गोळा करायला आत्या जातेच, कारण आपला हिरडा दुसऱ्याच्या हिरड्यात गेला तर ती सहन करणार नाही. तिथे ती फोन काढते, पान उघडते, भाव बघते आणि उतरताना पहिल्या घरापासूनच सांगत येते. मधे कोणाच्या सुनेची चौकशी, कोणाच्या कोंबडीवर शेरा. कोणाला ऐकू आलं नाही तर ती रात्रीच्या जेवणाच्या आत आत्याच्या ओट्यावर येऊन विचारते, आणि आत्या बसल्या जागेवरून तोच भाव पुन्हा सांगते. दहा जणी आल्या तरी दहादा. त्यासाठी ती काही पुन्हा कातळ चढत नाही.

मी तिला ऐकत होते आणि मला हसू यायला लागलं. मी गाळ्यात घाम गाळून जे जोडलं होतं, ते वाडीत आधीपासून लुगडं नेसून बसलं होतं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, हसतेस कशाला, पान कधी दुरुस्त करतेस ते सांग.

मी दुरुस्त करणार होते. पण मी मुरबाडला परतले तर अध्यक्षांनी वेगळंच काढलं. त्यांच्या फोनवर मीच त्यांना एक सोय करून दिली होती, कोणत्या पानाला किती लोक विचारतात ते पट्ट्यांनी दिसण्याची. भेंडीची पट्टी पडद्याच्या टोकाला भिडलेली. रानमेव्याची म्हणजे नखाएवढी रेघ. रोज संध्याकाळी एक नोंद, कधी तीही नाही, कारण पान उघडायच्या आधीच आत्या वैतागून फोन पदरात बांधत असणार.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. ते स्वतःची शेती सांभाळून हा सगळा व्याप ओढतात आणि कोणाकडून चहाचीही अपेक्षा ठेवत नाहीत. त्यांचा मुद्दाही सरळ होता. भेंडीचा भाव आणणाऱ्या माणसाला हिरड्यासाठी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, आणि तो कुरकुरायला लागला होता. येत्या बैठकीत ते पान बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं.

मी म्हटलं, ती एक नोंद म्हणजे एक बाई नाही, ती आख्खी वाडी आहे. कातळ सांगितला, आत्या सांगितली, व्यापारी सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुजी आत्या हाय म्हनून तुला तसं वाटतं," ते म्हणाले. "मला एकच दिसतंय. एकीसाठी मानूस कुठवर फिरवायचा, तूच सांग गो."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी वाडीत जाऊन मी सगळ्या बायांना गोळा केलं. तुमच्या घरात फोन आहेत, पोरांचे असतील, नवऱ्यांचे असतील, ते घेऊन कातळावर जा आणि स्वतः पान उघडा, नाहीतर पान जाईल. बाया हसल्या. दिवसभर झाडाखाली वाकून कंबर मोडलेली, चुली पेटायच्या राहिलेल्या, आणि म्हातारी बघते ना! ती बघते ते काय खोटं असतं? एकीने तर मला विचारलं, आत्यावर तुझा भरवसा नाही काय. आत्या ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होती, आणि तिला पान जाण्याच्या काळजीपेक्षा बायांनी दिलेल्या उत्तराचा आनंद जास्त झालेला मला स्पष्ट दिसत होता. मी चिडून लवकरच्या जीपने निघून आले.

रानमेव्याचं पान मी कॅशेत हाताने बसवून ठेवू शकले असते. त्याने ते झटकन उघडलं असतं, पण पट्टी नखाएवढीच राहिली असती. खोट्या नोंदी घालून पट्टी वाढवणंही मला जमलं असतं. दोन दिवस मनात घोळवलं, पण अध्यक्षांच्या तोंडाकडे बघून ते करवलं नाही. बैठक जवळ आली होती. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की भाव चढवताना माझा हात रानमेव्याच्या रकान्यावर थांबायचा. आता आणखी थोडे दिवस, मग बायांनी पुन्हा मान खाली घालायची, असंच मनात यायचं.

आणि एका संध्याकाळी मी गाळ्याचं शटर ओढत असताना अध्यक्षांचा फोन आला.

"तुज्या रानमेव्याची पट्टी वर चाललीय. काय बिघाड हाय काय, बघ जरा."

मी शटर पुन्हा वर केलं. बिघाडच वाटला मलाही. नोंदींमागून नोंदी येत होत्या. पहिलीला सर्व्हरने आत जाऊन उत्तर आणलं होतं, तिला वेळ लागला होता, आणि त्यानंतरच्या सगळ्यांना कॅशेतून मिळत होतं, पटापट. रानमेवा पहिल्यांदाच मेमरीत टिकला होता. कोणीतरी यंत्राला त्रास द्यायला हे करतंय की काय, असं वाटून मी आत्याला फोन लावला. बंद. मग शेजारच्या वहिनीला लावला. तो लागला, म्हणजे ती कातळावर होती. मागे बायांचा गलका ऐकू येत होता.

"आत्या तापानं फनफनलीय," वहिनी म्हणाली. "ऊन बाधलंय. मंग भाव कोन सांगनार? सगळ्याच आलोय वर."

मला एका क्षणात सगळं उलगडलं आणि काळजीही वाटली, कारण आत्या कधी आजारी पडल्याचं मला आठवत नाही. अध्यक्षांना मी उलट फोन केला. बिघाड नाही, म्हटलं. आमची म्हातारी आज अंथरुणात आहे, म्हणून ज्यांना ती रोज सांगते त्या स्वतः वर चढून विचारतायत. त्यांच्या फोनवर ती पट्टी त्यांना दिसत असणार. मग त्यांनी विचारलं, डॉक्टर आहे का तिकडे? गाडी पाठवू का?

पानाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. बैठकीतही तो विषय आला नाही. हिरड्याचा भाव आणणाऱ्या माणसाला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्याचं कुरकुरणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी वाडीत गेले. आत्या पडवीत गोधडीवर पडली होती, डोळे खोल गेलेले, पण तोंड चालू होतं. ताप रात्रीच उतरला होता आणि आता ती वैतागली होती.

"एकेक येऊन मलाच भाव सांगत व्हती," ती म्हणाली. "मी काय करू त्याचं अंथरुनात? शेवटची आली, तिला तर मीच सांगितला."

मी तिच्या पायाशी बसले आणि हसता हसता रडायला लागले. ती म्हणाली, मरत नाय मी, उठ, चहा कर. मी चहा केला. मग तिला पट्टीची गोष्ट सांगितली, की तू नव्हतीस म्हणून पान वाचलं. तिला ती फारशी आवडली नाही. आपण नसल्याने काही चांगलं होऊ शकतं, हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

मुरबाडला परतल्यावर मी रानमेव्याला मेमरीत कायमची जागा करून दिली, कोणी विचारो न विचारो. मग संध्याकाळी भाव चढवले आणि घरी न जाता पडद्यासमोर बसून राहिले. भेंडीची पट्टी सरसर वर गेली. रानमेव्याची जागा रिकामीच होती. अंधारायला लागलं तेव्हा तिथे एक नोंद उमटली. बराच वेळ वाट पाहिली, पण दुसरी आली नाही. मी अध्यक्षांना फोन केला, तर मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "एकच आलीय. म्हातारी उठली वाटतं."