मधमाश्यांच्या जेवणाची सोय

निमगाव केतकीच्या स्टँडवर त्या दिवशी रडण्याचा असा काही कार्यक्रम झाला, की कंडक्टरला वाटलं मी लंडनला निघाले. निघाले होते बारामतीला. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, नवऱ्याला एमआयडीसीत नोकरी मिळाली होती आणि कंपनीनं क्वार्टर दिलं होतं. चुलत्या रडल्या, शेजारणी रडल्या, एक बाई तर ओळखीचीही नव्हती, तीही रडून गेली. रडली नाही ती फक्त मी. आत काही हलेचना.

"पोरीच्या डोळ्यात टिपूस न्हाय. दगड हाय का काय?" म्हणत आईनं माझ्या हातात एक पुरचुंडी कोंबली. तिच्या परसातल्या भोपळ्याचं बी.

क्वार्टरपुढं अंगण होतं. मी नर्सरीतून क्रोटन आणले, बोगनवेल आणली, गच्च पाकळ्यांची डबल जास्वंद, लाडवाएवढा हायब्रीड झेंडू. साहेबांच्या बायका थांबून बघायच्या आणि मी हातात झारी घेऊन नाटकातल्या राणीसारखी फिरायचे. कुंपणावर आईचा भोपळा चढवला. फुलं पिवळीधमक आली. काहींच्या देठाशी इवलंसं फळ दिसायचं आणि दोन-चार दिवसांत सुकून गळायचं.

आई एकदा राहायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं सगळी बाग बघितली. "नटलीय झ्याक. पर जेवायला काय हाय हितं?"

"कुणाला?"

"मधाच्या माशांना, बये. ह्या गच्च फुलांत माशीचं तोंड तरी शिरंल का? त्यांना उपाशी ठिवतीस आन् वर भोपळा मागतीस व्हय?"

"आई, ही कॉलनी हाय. हितं साहेब येत्यात, माशा न्हाय."

दोघीही हसलो.

पुढच्या वर्षी ती गेली. तेव्हाही मी रडले नाही. गावी गेले, परत आले, कुकर लावला. निघताना धाकटा भाऊ शिवा म्हणाला होता, "आक्का, भोपळ्याचं बी हाय का तुझ्याकडं? परसातबी ऊस लावला. आईचं बी हितं ऱ्हायलं न्हाय."

पुरचुंडीच्या तळाशी थोडंसं उरलं होतं. ते वाया गेलं की आईचा भोपळा संपला. दुःख होत नव्हतं, पण एवढं मात्र कळत होतं.

मी बाग उपटली आणि उरलेलं बी कुंपणाशी लावलं. बोगनवेलीनं हात ओरबाडले. दुखल्याचंही आठवत नाही. कोथिंबीर पेरली आणि खुडली नाही, फुलू दिली. तुळशीच्या मंजिऱ्या राखल्या. तीळ, एकेरी पाकळ्यांचा गावठी झेंडू, आणि दाराशी चक्क रुई.

शेजारच्या वहिनी हादरल्या. "अहो, रुई कुणी दारात लावतं का?"

मी चेहरा गंभीर करून म्हटलं, "बाळंतपणाची सोय आहे, वहिनी." फुलपाखरं तिच्या पानांवर अंडी घालतात, हे सांगेपर्यंत त्या मिस्टरांना बातमी द्यायला घरात पळाल्या होत्या.

मग एका सकाळी कोथिंबिरीच्या फुलांवर पहिली माशी आली. पाठोपाठ तिचं सगळं गणगोत. भोपळ्याच्या फुलात शिरायच्या आणि पिवळ्या होऊन बाहेर पडायच्या. या वेळी फळ गळलं नाही. लिंबाचं मोसंबं झालं, मोसंब्याची घागर झाली.

शिवा आला. मी भोपळ्याचे घारगे केले. शिवानं ताट चाटूनपुसून संपवलं. स्टँडवर मी त्याच्या हातात पुरचुंडी कोंबली.

"लावतो, आक्का. पर चारी बाजूला ऊसच ऊस. माशाच ऱ्हायल्या न्हायत. फळ न्हाय धरलं तर?"

"तर हितं ये आन् घिऊन जा."

गाडीत चढता चढता तो म्हणाला, "म्हायेराला आल्यागत वाटलं बग." आणि सगळ्या पॅसेंजरांदेखत त्या मिशाळ बाप्यानं उपरणं डोळ्यांना लावलं. माझे डोळे कोरडेच. गाडी हलली तसा खिडकीतून ओरडला, "दगड हायस का काय गं?"

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठलं असं विचारलं, की आजही माझ्या तोंडी निमगावच येतं. पण त्या संध्याकाळी मी स्टँडवरून परतले, तर वहिनी कुंपणाशी वाटी घेऊन उभ्या. आमटीला चिमूटभर कोथिंबीर हवी होती.

"ही नाही मिळायची," मी म्हटलं. "सकाळी घरी पाहुणे जेवायला आहेत."