वरच्याच्या दुप्पट

पनवेलला माझ्या हॉलमध्ये शिवणक्लास चालतो. मी शिकवते चुण्या, आणि गोळा होतात किस्से. कातरणं निदान संध्याकाळी झाडून टाकता येतात, किस्से कुठे टाकणार? शेवटी घरी आलेल्याला चहाबरोबर द्यावे लागतात.

* * *

प्राची आयटीत आहे, काम घरूनच. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, फ्रिलचे सात व्हिडिओ बघून आलेय."

म्हटलं, कर मग. चुण्यांसाठी मोठ्या टाक्याच्या दोन ढिल्या शिवणी मारायच्या आणि फक्त खालचे, बॉबिनचे दोरे हळूहळू ओढायचे. हिनं वरचे, खालचे सगळे एकदम ओढले. कट्‌!

"व्हिडिओत तर पटकन झालं होतं!"

"अगं, त्या बाईचा तुटला तेवढा भाग तिनं कापून टाकला असेल."

प्राचीनं हे वहीत लिहून घेतलं.

* * *

निर्मलाकाकू विचुंब्याच्या. शेतावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत, घरात कशाला कमी नाही. साठीला मशीनवर बसल्या त्या नातीसाठी. पहिल्या वाढदिवसाला स्वतःच्या हातचा फ्रॉक घालायचा होता.

"सून नाय घालाची पोरीला," हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तिला सगला मॉलमदला लागतं. पन मी शिवनार."

सून वाईट नाही हो. सासूच्या हातचं तिनं आजवर काही मागितलं नव्हतं, एवढंच. आणि तेच काकूंना लागलं होतं.

* * *

झालरीला कापड दुप्पट घ्यायचं, हे मी शिकवलं. काकूंनी तीन झालरी घेतल्या, प्रत्येक वरच्याच्या दुप्पट. छाती वीस इंच, मग चाळीस, मग ऐंशी, मग एकशे साठ! एक वर्षाच्या पोरीला चार मीटरचा घेर!

फ्रॉक टेबलावर ठेवला तर आपोआप उभा राहिला.

"काकू, हे काय?"

"तुमीच बोललाव, वरच्याच्या दुप्पट!"

बोलले होते खरी. म्हटलं, यात पोरीला रांगता यायचं नाही.

"बरा हाय. येका जागी बसंल तरी!"

तरी दुसऱ्या दिवशी नवीन कापड घेऊन आल्या. साधी गुलाबी मलमल.

* * *

प्राचीची ऑफिसची मीटिंग क्लासमध्येच चालते. लॅपटॉप मशीनशेजारी, कानात हेडफोन. एकदा काकू चुण्या ओढत होत्या, दोरा अगदी ताणलेला. प्राची जोरात ओरडली, "अहो, एवढं ओढू नका! तुटेल! थोडं ढिलं सोडा!"

माइक चालू होता.

 पलीकडून साहेब हळूच म्हणाले, "ठीक आहे प्राची, सोमवारपर्यंत द्या."

त्यानंतर प्राची काकूंसाठी आठवडाभर घरून बटाटेवडे आणत होती.

* * *

माझाही एक आहे, लपवत नाही. वीस वर्षं शिकवतेय. सगळ्यांसमोर बाहीच्या चुण्या ओढून दाखवत होते, "बघा, अशा एकसारख्या." दुसऱ्या टोकाला गाठ मारायलाच विसरले. अख्खा दोरा हातात! बाही सपाट.

कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

शेवटी काकू म्हणाल्या, "मॅडम, आता यवरा कापून टाका."

* * *

वाढदिवसाला मी आणि प्राची विचुंब्याला गेलो. फ्रॉक मी आदल्या दिवशीच बघितला होता. बाळाला टोचू नये म्हणून काकूंनी आतल्या प्रत्येक शिवणीवर पिवळी मऊ पट्टी लावली होती, हातानं, बारीक टाक्यात. पाठीला बांधायला बंद. मला शिकवून जमलं नसतं इतकं सुबक काम!

आणि हॉलमध्ये शिरलो तर नातीच्या अंगावर तोच फ्रॉक! सुनेनं, स्नेहलनं, स्वतः घातला होता. मला भरूनच आलं.

जवळ गेलो आणि प्राचीनं माझा हात दाबला. फ्रॉक उलटा होता. मलमल दोन्हीकडून सारखीच, बंद कुठूनही बांधता येतात. पिवळ्या पट्ट्या सगळ्या बाहेर.

स्नेहल फोटोग्राफरला सांगत होती, "दादा, या पिवळ्या डिझाइनचा जवळून घ्या ना. आमच्या आईंनी हातानं केलंय सगळं." मग काकूंकडे वळली. "आई, दिवाळीला माझ्या ब्लाउजला पण अशीच कराल?"

काकू नुसत्या मान हलवत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

प्राचीला राहवेना. काकूंच्या कानाशी वाकून म्हणाली, "काकू, उलटा घातलाय. सांगू का मी हळूच?"

काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"येक शबुद काराचा नाय! आज ह्योच सुलटा हाय."