तळघरातली मोरी आणि गच्चीवरचं मडकं

तळघरात संडास-बाथरूम बांधतोय म्हटल्यावर मुरुम गावचा निम्मा बाजार माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी विहिरीत माडी चढवायला निघालोय. "घाण काय बादलीनं शेंदणार का?" एकानं भर दुकानात विचारलं.

पण हट्टाला कारण होतं. गुडघे गेलेली माझी आई बेंबळी गावात एकटी राहायची. आमचं घर उतारावर. पुढून तळघर वाटणारी तूर साठवायची खोली मागून थेट बोळात उघडते, म्हणजे एक पायरीही चढायला नको. आईला तिथला गारवा आवडला. कोंबड्या शेजारणीकडं सोडून ती आली, पण अट घालूनच. "आत मोरी झाली तर ऱ्हाईन. वास आला तर बेंबळी!"

प्लंबरनं आधी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. एक टोक त्यानं बोळातल्या गटाराच्या चेंबरपाशी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला थांबतं, त्यावरून चेंबर आपल्या फरशीच्या किती खाली ते कळतं. उतार जास्त निघावा म्हणून मी माझं टोक हळूच वर सरकवत होतो.

"मालक," बोळातून आवाज आला, "तुमी उचलल्यानं चेंबर खाली जाणार न्हाय."

तरी उतार निघाला, चांगला दीड वीत! मी टाळी वाजवणार, तोच तो म्हणाला, "आता एक पाइप गच्चीच्या वर काढायचा."

"घाण खाली जाणार, मग पाइप वर कशाला?"

उत्तर दिलं तुरीच्या पोत्यावर बसून डाळ निवडणाऱ्या आईनं. "तेलाचा डबा एकाच भोकानं ओततोस व्हय? दुसरं पाडलं न्हाय तर तेल भकभक करतंय. वारं नको का आत जायला?"

प्लंबर खूश, मी गार. पाइप चढला, फरशी बसली, नवंकोरं भांडं चमकायला लागलं. सगळ्यांना जमवून मी, पडदा उघडावा तसा, पहिला फ्लश ओढला.

भांडं रिकामं झालं. आणि कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीतून आवाज आला, गुड... गुड... भक्! मागोमाग वास. आईनं नाकाला पदर लावला.

"बेंबळीची यष्टी किती वाजता हाय?"

मी मात्र जाळीपाशी पालथा पडलो. वास अडवायला जाळीखाली जे पाणी साचून राहतं, ते गायब होतं. तांब्यानं पुन्हा भरलं, फ्लश ओढला. डोळ्यांदेखत कुणीतरी खालून घोट घेतल्यासारखं ते परत गेलं! मला तर मजाच वाटायला लागली. "अजून एकदा," म्हणत मी तांब्या भरला, तशी बायकोनं तो माझ्या हातून काढून घेतला.

"वरून हवा मिळंना," प्लंबर म्हणाला.

आम्ही गच्चीवर धावलो. पाइपाच्या तोंडावर एक काळं मडकं पालथं बसलं होतं. चुन्याचे डोळे, चुन्याचे दात, आणि कडेनं सिमेंटचा पक्का लेप. ते आमच्याकडं बघून हसत होतं.

"आत्यांनी गवंड्याकडून बसवून घेतलंय," बायकोनं खालूनच सासूचं गुपित फोडलं.

खाली आलो तर आई ठाम होती. "सगळ्या गल्लीत उंच पाइप आपला. घराला नजर लागती की!"

"अगं, डब्याचं दुसरं भोक तूच बुजवलंस!"

ती माझ्यावरच डाफरली. "ते भोक गच्चीवर हाय म्हणून कुणी सांगितलं मला?"

मडकं काढायला मात्र तिची साफ ना. थोडा विचार करून तिनं हुकूम सोडला, "डोळे फोडा त्याचे. तोंडबी."

प्लंबरनं ड्रिलनं दोन्ही डोळे आणि जबडा आरपार मोकळा केला. मडकं आधीपेक्षा भेसूर दिसायला लागलं, म्हणजे नजरेच्या कामाला उलट जास्त लायक.

मी पुन्हा फ्लश ओढला. जाळीतलं पाणी जरासं डुललं आणि जागच्या जागी राहिलं. आई काठी टेकत आली, वाकली आणि सोनार नाणं पारखतो तसा बराच वेळ वास घेत राहिली.

"फोन लाव शेजारणीला," ती कमरेत सरळ होत म्हणाली. "म्हणावं, कोंबड्या आता तूच ठेव."