भुतानं बोलावं की नाही

‘मला न्हाई पटलं!’

एवढंच म्हणायचे ते, पण म्हणताना सीटवरून अख्खे मागे वळायचे. एका हाताने ड्रायव्हरच्या मागचा दांडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताचा पंजा आमच्याकडे उघडा. बोला आता! आणि रात्रभर मशीनसमोर उभं राहून पायांचे दगड झालेली आम्ही माणसं, डोळे मिटायच्या बेतात असताना पुन्हा भांडायला लागायचो. कशावरून? तर एका भुताच्या सिनेमावरून.

तुमच्याही कंपनीच्या बसमध्ये असा एखादा असेल. ज्याला चढताना पाहिलं की मनात येतं, देवा, आज हा रजेवर का नाही? मला तरी सुरुवातीला त्यांच्याबद्दल हेच वाटायचं. थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला जगात फक्त एक गोष्ट हवी असते. ती म्हणजे झोप. महाळुंग्याहून मारुंजीपर्यंतचा तो तासाभराचा प्रवास आमच्या हक्काचा होता, आणि हा माणूस त्यावर रोज सकाळी दरोडा घालायचा.

सगळे त्यांना आबा म्हणायचे. पुनावळ्याच्या जुन्या घरांतले. गावाच्या शेतांत टॉवर उभे राहिले, त्यांच्या गेटांवर वाचता न येणारी नावं आली, पण आबांचं ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ जिथल्या तिथं राहिलं. कंपनीत ते फोर्कलिफ्ट चालवायचे. मी इन्स्पेक्शनला. रिटायरमेंट तोंडावर आलेला माणूस खरं तर गप्प खिडकीशी बसून जपमाळ ओढणारा असावा. हे आमच्यातल्या पोरांपेक्षा मोठ्यानं भांडायचे.

सिनेमाचं थोडं सांगतो, नाहीतर भांडण कळायचं नाही. मूळ सिनेमा जुना, लहानपणी टीव्हीवर पाहून आम्ही चादरीत तोंड खुपसलेला. घाटातल्या एका दवाखान्यातली नर्स मेल्यावरही राउंडला येते. हातात कंदील, तोंडातून अवाक्षर नाही. मग त्याचा रिमेक निघाला. दवाखाना शहरात आला, कंदिलाची बॅटरी झाली, तरी बाई गप्पच. आणि मग आला त्या रिमेकचा दुसरा भाग. त्यात शेवटी ती बाई बोलते. चांगली घसा मोकळा करून बोलते. आपल्याला कुणी मारलं, का मारलं, तेव्हा कोण कुठं उभं होतं, सगळं! झालं. अर्धी बस म्हणाली, सत्यानाश केला. अर्धी म्हणाली, बरं झालं, एकदाची बोलली तरी.

सावंत पहिल्या गटाचा पुढारी. कोकणातला, त्यात आजीनं भूत पाहिलेलं, त्यामुळे भुतांचा जाणकार आपणच, असं त्याचं मत. ‘अरे, भूत बोलायला लागलं की तो शेजारी झाला रे!’ तो म्हणायचा. ‘शेजाऱ्याला कोण घाबरतं?’

मी दुसऱ्या गटात. मला तो सिनेमा आवडला होता, आजही आवडतो. वर्षानुवर्षं रात्रीची एकटी फिरणाऱ्या बाईला दोन शब्द बोलावेसे वाटले तर बिघडलं कुठं? नाइट केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आता यात आबांचं काय, ते ऐका. आमचा ड्रायव्हर बालाजी, परभणीकडचा, लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेला पोरगा. रात्री आम्हाला कंपनीत सोडायचा, बसमध्येच डास मारत पडायचा, सकाळी परत न्यायचा. मग दुपारी कॉन्ट्रॅक्टर त्याला दुसऱ्या कंपनीच्या फेरीवर पाठवायचा. हा झोपायचा कधी, देव जाणे. सकाळी मागच्या काचेतून ऊन आत आलं, बस जरा ऊबदार झाली, की त्याची मान हळूहळू पुढं यायची.

एकदा देहूफाट्याच्या अलीकडं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कंटेनरला आमची बस घासून गेली. आरसा गेला, पत्रा चेपला. आम्ही सगळे झोपलेलो. जागे फक्त आबा. ते ‘आरं!’ करून ओरडले म्हणून बालाजीनं स्टिअरिंग तरी फिरवलं. आम्ही खाली उतरून चेपलेला पत्रा पाहिला. बालाजी पांढराफटक पडलेला. आणखी हातभर आत गेलो असतो तर आज हे लिहायला मी नसतो.

मी तिथंच म्हणालो, ‘तक्रार करायची. आजच.’

आबा म्हणाले, ‘मागच्या ड्रायव्हरची केली हुती की. मीच केली हुती. दुसऱ्या दिशी त्याला काढला आन् ह्यो आला. फेऱ्या तेवढ्याच.’

दुसऱ्या दिवसापासून आबांनी आपली खिडकीची जागा सोडली आणि ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर येऊन बसले. भांडण तेव्हापासून सुरू झालं. पण ही सांगड मला तेव्हा कुठं लागली होती? आम्हाला वाटलं, म्हातारपणी सिनेमाचा नाद लागला.

एक दिवस मात्र माझा पारा चढला. रात्री मशीन बंद पडलेलं, साहेबाच्या शिव्या खाल्लेल्या, डोकं ठणकत होतं आणि हे आपले चालूच. ‘त्या बाईनं बोलायलाच नको हुतं. मला न्हाई पटलं!’

मी ओरडलो, ‘आबा, परवा तर तुम्ही म्हणत होता की तिनं बोलायलाच पाहिजे! झोपू द्या हो जरा लोकांना!’

त्यांना राग आला नाही. ते वाकून माझ्या कानाशी म्हणाले, ‘परवा तिकडची बाजू पडत हुती. आज हिकडची पडतीय. येक बाजू पडली की भांडान मिटतंय.’ आणि नुसत्या भुवईनं समोरचा आरसा दाखवला. आरशात बालाजीचे डोळे होते. लाल, सुजलेले, पण उघडे. आमचं भांडण ऐकून ओठांवर थोडं हसू.

मी मागं टेकलो. झोप उडाली ती उडालीच.

नंतर एकदा मी विचारलं, ‘भुतावरच का आबा? दुसरं काही बोला की.’

‘शेतीचं बोललं की लोक निजत्यात. पगाराचं बोललं की रडत्यात. राजकारणाचं काढलं की हातघाईवर येत्यात. भुताचं कुणी सोडत बी न्हाई आन् कुणाचं डोकं बी फुटत न्हाई.’ बऱ्याच विषयांवर प्रयोग करून झाले होते म्हणायचे!

हळूहळू आणखी एक गोष्ट लक्षात आली. आबांचं घर पुनावळ्यात. बस पुनावळ्यावरूनच जायची. पण आबा तिथं उतरायचे नाहीत, थेट मारुंजीच्या शेवटच्या स्टॉपला आमच्याबरोबर उतरायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘हाय येक काम.’ एकदा मी दूध घ्यायला थांबलो होतो म्हणून दिसलं. आबा डबा काखोटीला मारून रस्ता ओलांडून पलीकडं गेले आणि उलट दिशेच्या रिक्षाला हात करत उभे राहिले. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते बालाजीच्या पाठीमागून हलत नव्हते. मला गलबलून आलं आणि रागही आला. हे काय यांचं काम आहे? नसती उठाठेव! एवढी मोठी कंपनी, एवढे सेफ्टीचे बोर्ड, आणि आम्ही जिवंत घरी पोचायचो ते एका म्हाताऱ्याच्या घशाच्या जोरावर.

गंमत म्हणजे त्यांनी तो सिनेमा पाहिलाच नव्हता. पुढं तो मोबाइलवर आला तेव्हा मी म्हटलं, घ्या आबा, आज बघाच, आणि सुरू करून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी निखारा हातात यावा तसा तो परत केला. ‘नगं रं बाबा. मला लई भ्या वाटतं भुताचं. घरी पोरं असलं काय लावत्यात तर मी बाहीर जाऊन बसतो.’ अख्खी बस खो-खो हसली. सावंत तर रडकुंडीला आला, कारण इतके महिने तो त्यांना एकेक प्रसंग पटवून देत होता. बालाजीला इतकं हसू आलं की त्यानं बस कडेला घेतली आणि डोळे पुसले.

आणखी एकदा पंचाईत झाली होती. सगळेच इतके दमलेले की सावंत म्हणाला, ‘जाऊ दे, ज्याची त्याची आवड.’ मीही हो म्हणालो. बसमध्ये शांतता पसरली. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी आरशाकडं एकदा, आमच्याकडं एकदा बघितलं आणि कळवळून म्हणाले, ‘आरं, असं कसं? ज्याची त्याची आवड म्हंजी काय? येवढ्यावर सोडता व्हय? मला न्हाई पटलं!’ मग मलाच दया आली. मी उठून बसलो आणि सावंताच्या आजीच्या भुताबद्दल वाईटसाईट बोललो. भांडण मारुंजीपर्यंत पुरलं.

मग त्यांच्या रिटायरमेंटची सकाळ आली. शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये निरोपसमारंभ. प्लँट हेड साहेब मुद्दाम लवकर आलेले, ॲडमिनचे साहेब फोटो काढून घेताहेत, शाल, नारळ, गुच्छ. आम्ही जांभया दाबत उभे. साहेब म्हणाले, ‘आबा, दोन शब्द बोला.’

‘दोनच हायती सायेब,’ आबा म्हणाले. ‘ड्रायव्हर झोपतोय.’

लोक हसले. आबा हसले नाहीत.

‘आमच्या बसचा. त्याला दुपारची दुसरी फेरी मारायला लावत्यात. दीड वरीस झालं, मी ह्या पोरांस्नी भुतावरनं भांडायला लावून त्याला जागा ठिवतोय. उद्यापासनं मी न्हाई.’

हसू एकदम थांबलं. सावंत माझ्याकडं बघायला लागला. सिनेमा न पाहता हा माणूस भांडत का होता, ते त्याला त्या क्षणी कळलं.

साहेब म्हणाले, ‘बरोबर आहे. बघू आपण, आबा.’

‘मला न्हाई पटलं.’

‘म्हणजे, मी ॲडमिनशी बोलतो.’

‘त्ये हितंच हायती की. बोला.’

शाल खांद्यावरून घसरलेली, हातात नारळ, आणि आबा काही खाली बसेनात. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. आयुष्यभर साहेबांसमोर मान खाली घालून गेलेला माणूस, पण आज पाय रोवून उभा. शेवटी ॲडमिनच्या साहेबांनी तिथंच कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. आमच्या बसच्या ड्रायव्हरला दुसरी फेरी नाही, आजपासून. मग आबा बसले. आता टाळ्या पडल्या, त्या थांबेनात.

बसपाशी आलो तर बालाजीला कॉन्ट्रॅक्टरचा फोन येऊन गेलेला. तो आबांच्या समोर उभा राहिला. ‘असं कसं केलात आबा? दुपारच्या फेरीवर घरभाडं निघायलं होतं माझं. पोटावरच पाय दिलात की माझ्या!’

आबा म्हणाले, ‘आरं, जीव ऱ्हायला तर भाडं भरशील ना?’

‘तुम्हाला काय जातंय बोलायला,’ बालाजी म्हणाला आणि धाडकन दार लावून सीटवर चढला. सगळ्या बसशी वाद घालणारा माणूस मुकाट्यानं आपल्या जागेवर जाऊन बसला.

बालाजीचं खोटं नव्हतं. पुढं त्याला खोली बदलावी लागली, बायकोनं घरी शिलाई सुरू केली. आता तो दुपारचा झोपतो, पण आबांचा विषय निघाला की आजही एक क्षण तोंड फिरवतो. आणि हेही सांगितलं पाहिजे की सेकंड शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर अजून दोन्ही फेऱ्या मारतो. त्याच्या मागं बसणारा कुणी नाही. आमच्या बसमध्ये आता ज्याचे त्याचे इअरफोन असतात. हवी होती ती शांतता मिळाली, आणि मला तिच्यात झोप लागत नाही.

पण त्या सकाळचं सांगत होतो. बस निघाली. कुणीच भांडण काढेना. बालाजीचे डोळे आरशात दिसत होते, टक्क उघडे, नुसता जाळ. रागावलेल्या माणसाला कुठली झोप? आबांनीही दांडा धरून पुढं वाकून आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मागं टेकले. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल. देहूफाटा यायच्या आत ते घोरायला लागले. इतक्या दिवसांत त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. तोंड उघडं, मान एका बाजूला, एकदम थकलेला म्हातारा माणूस.

पुनावळे आलं तेव्हा ऑफिसला निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली. बालाजीनं कुणी न सांगता बस आबांच्या घराच्या वळणाला लावली. मी त्यांना उठवायला हात पुढं केला.

‘राहू द्या,’ बालाजी म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

बस अर्धी रस्त्यात. आमच्या प्रत्येकाला घरी अंथरूण दिसत होतं, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. सावंतानं तर वाजू लागलेला फोन मांडीखाली दाबला. मागच्या गाड्यांनी मात्र हॉर्नचा कल्लोळ केला. बालाजीनं दार उघडलं, खाली उडी मारली आणि मागं धावला. राग अजून चेहऱ्यावर तसाच. मी खिडकीतून पाहिलं, तो एकेका गाडीच्या काचेवर टकटक करत हात जोडत होता.

‘हॉर्न नका वाजवू हो. आत माणूस झोपलाय.’