चुकांचा फळा

पोलादपूरला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर आणि मदतीला जवळच्या वाडीतली एक बाई. शटर उघडण्यापासून बंद करण्यापर्यंतच्या कामांची यादी मी छापून भिंतीला लावली होती. काम झालं की पुढे बरोबरची खूण करायची.

यादीशेजारी फळा होता. दिवसभरात जी चूक होईल ती मी खडूने त्यावर लिहीत असे, करणाऱ्याच्या नावासकट. नाव बहुतेक तिचंच असायचं. गिऱ्हाइकं वाचायची. आंबेनळीच्या रस्त्याला जीप चालवणारा एकजण दारातूनच ओरडायचा, "काय गो, आज काय दिवे लावलेस?" ती हसायची. हसते म्हणजे मनाला लावून घेत नाही, असं मी धरून चालले.

महाडच्या पुरात कित्येक घरांतल्या कागदांचा लगदा झाला. तेव्हापासून लोक माझ्याकडे कागद स्कॅन करून ठेवू लागले. "तुझ्या मशिनीत राहू दे बाय, घरात काय टिकत नाय." मुलाकडे महाडला राहणारे एक आजोबा त्यांच्या वडिलांच्या शाळेचा उतारा घेऊन आले. नातीला नर्सिंगला घालायचं होतं आणि जातपडताळणीसाठी हा एकच जुना पुरावा. शाळेतलं मूळ रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. उतारा पुरात भिजून सुकला होता, घडीवर फाटत होता. मी तो काचेवर तुकडा तुकडा जुळवून स्कॅन केला. शिक्का, सही स्पष्ट आली. कागद त्यानंतर फार दिवस राहिला नाही.

एका शुक्रवारी दुपारी मी महाडला सामान आणायला गेले होते. दुकानाच्या ईमेलवर 'अर्जात त्रुटी' असं सरकारी वाटणारं पत्र आलं. मदतीच्या बाईने सोबतची फाईल उघडली. थोड्या वेळाने एकेक फोल्डर उघडेनासा झाला, फाईलींच्या नावांपुढे भलतीच अक्षरं आली. तिने कॉम्प्युटर बंद करून टाकला.

"हा बंद का?" मी आल्यावर विचारलं.

"लाईट येत जात होती ताई. म्हटलं बिघडायला नको."

मी तिला शाबास म्हणाले.

शनिवारी सकाळी यादीतलं चौथं काम, बॅकअपची डिस्क जोडणे. ते माझं. कॉम्प्युटर चालू केला, डिस्क जोडली, खूण केली आणि झेरॉक्सला उभ्या असलेल्या माणसाकडे वळले. परत येऊन बघते तर डिस्कवरच्या फाईलींनाही तीच अक्षरं. पडद्यावर इंग्रजीत पैशांची मागणी: भरा, तरच फाईली उघडतील.

ती स्टुलावर बसली. "काल मीच ती फाईल उघडली ताई."

"मग कालच का नाही सांगितलंस?"

तिने फळ्याकडे पाहिलं. "माझी जाऊ येते दुकानात. मागच्या खेपेला फळ्यावरचं वाचून वाडीभर सांगत फिरली."

काल कळलं असतं तर मी डिस्क जोडली नसती. तोपर्यंत डिस्कवर सगळं शाबूत होतं.

पोलिसांत तक्रार दिली. कॉम्प्युटर महाडच्या दुरुस्तीवाल्याला दाखवला, तो म्हणाला, यातलं काही परत येणार नाही. ज्यांचे कागद गेले त्यांची नावं आठवून लिहिली आणि निरोप धाडले. आजोबांकडे मात्र मी स्वतः गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मशिनीला पण पूर आला म्हणायचा." नात दारात उभी होती. पडताळणीची मुदत टळली आणि तिचा प्रवेश गेला.

फळा मी उतरवला. यादीत पहिली ओळ नवी घातली: विचित्र काही दिसलं की नेटची वायर काढा आणि त्याच मिनिटाला सांगा. डिस्क दोन घेतल्या, त्यातली एक कायम घरी.

काही महिन्यांनी ती नात दुकानात आली. महाडच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामासाठी अर्ज भरायचा होता. आमच्या बाईने टायपिंग सुरू केलं आणि मध्येच हात उचलला.

"ताई, चुकलं माझं. आत्ता एका लिंकवर दाबलं. वीजबिलाची वाटली." वायर तिने आधीच उपसली होती.

दुकानात चारजण होते. मी ओरडणारच होते. तिच्या हातातली वायर बघून थांबले. "बरं केलंस सांगितलंस."

"आता लगेच सांगता," मुलगी तिला म्हणाली. "तेव्हा नाय सुचलं?"

बाईची मान खाली गेली.

"तिला नको बोलूस," मी म्हणाले. "तेव्हा मला येऊन सांगावं अशी मी नव्हतेच."

मुलीने विचारलं, "अर्ज आज जाईल ना? उद्या शेवटची तारीख हाय."

कॉम्प्युटर तपासल्याशिवाय चालू करता येणार नव्हता. कारखान्यात कागदावरचा अर्जही चालत होता. मी कोरा कागद घेतला आणि तिचा अर्ज हाताने लिहायला बसले. नाव, पत्ता, जन्मतारीख.

"शिक्षण?"

"बारावी," ती म्हणाली. "सायन्स."