तीन कात्रणं आणि माझा फोटो

आमच्या मॅडमना सगळं कॉलेज 'कात्री' म्हणायचं. पर्समध्ये कंगवा नसेल, पण कात्री आणि चिकटपट्टी हमखास. दर गुरुवारी फळ्यावर एकाच घटनेची तीन देशांच्या पेपरांतली कात्रणं लावायच्या, पेपरांची नावं पट्टीखाली झाकून. खाली एकच प्रश्न: यांनी कुणाला विचारलं?

"विचारायचं काय त्यात मॅडम, छापलंय ना!" मी एकदा बोलले.

"तुझं लग्न ठरल्याची बातमी शेजारच्या काकूंना विचारून छापू का गं?"

वर्ग खो खो हसला. मीपण.

मग तो सीमेपलीकडचा बॉम्बहल्ला झाला. आपल्या पेपरात, 'अड्डा उद्ध्वस्त'. त्यांच्या पेपरात, 'शाळेवर बॉम्ब'. तिसऱ्या लांबच्या देशात, 'अकरा ठार, जागा कसली यावरून वाद'. मधलं वाचून माझं डोकंच फिरलं. फक्त त्याचाच फोटो काढला आणि टाकला ग्रुपवर, "बघा, कात्री काय शिकवतेय!" अर्धं मिनिटही विचार केला नाही. मूर्ख!

संध्याकाळी माझ्या सख्ख्या मामाने तोच फोटो मला पाठवला. "हीच का तुमची बाई? हाकला तिला!"

पालकांची तक्रार गेली आणि खरंच हाकलायला निघाले. मॅडमची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर. प्रिन्सिपल म्हणाले, माफी लिहून द्या, नाहीतर करार संपला. मॅडमनी नाही दिली.

शेवटच्या गुरुवारी फळ्यावर तीन कागद होते: माझा फोटो, पालकांची तक्रार, प्रिन्सिपलची नोटीस. नावांवर पट्ट्या. प्रश्न तोच. एकेक जण उठून वाचून आला. तिघांपैकी एकानेही मॅडमना विचारलं नव्हतं. एकानेही!

मी उभी राहिले. "मॅडम, पहिला माझा..."

"नाव नकोय मला. कुणाला विचारलंस, ते लिही." खडू पुढे केला.

मी लिहिलं, 'कुणालाच नाही'. मॅडमनी आवाज चढवला असता तरी बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "उरलेल्या दोन्हींचं पण लिहून टाक."

आज नोटीस बोर्डावर कागद लागलाय: 'मॅडमनी स्वेच्छेने काम सोडले.' स्वेच्छेने! लाज कशी नाही वाटत? मॅडमना फोन लावला, खरंच स्वतःहून सोडलंत का ते विचारलं. "नाही गं," म्हणाल्या. मग पेन काढलं आणि त्या कागदाखाली ठळक लिहून आले: यांनी कुणाला विचारलं?

खाली माझं नाव. पट्टी न लावता.